विमानाच्या पोटात काय होते?

आपल्या देशातील विमान वाहतुकीचा इतिहास सांगताना ८ जून १९४८ या दिवसाचा उल्लेख हटकून होतो. त्या दिवशी मुंबईहून ‘मलबार प्रिन्सेस’ नावाचे चार इंजिनांचे विमान लंडनला जायला निघाले. एअर इंडिया इंटरनॅशनलचे हे पहिलेच उड्डाण. विमानात ३५ प्रवासी होते, खुद्द जे. आर. डी. टाटा त्यांच्यात होते आणि चालक होते कॅप्टन के. आर. गुझदर. कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत १० जूनला विमान लंडनला पोहोचले. ज्या प्रवासाला बोटीने पंधरा-वीस दिवस लागत, तो दोन दिवसांत झाला. स्वातंत्र्याला अजून वर्षही पुरे झाले नव्हते. अशा वेळी आपल्या देशाचे नाव अंगावर घेऊन एक विमान साहेबाच्या राजधानीत उतरले, याचे अप्रूप त्या पिढीला वाटले असल्यास नवल नाही.

त्याच जून महिन्यात आणखी काही विमाने भारताच्या आकाशातून उडू लागली होती. ती कराचीहून निघत आणि रात्रीच्या अंधारात निजामाच्या राज्यात बीदर, वरंगळ येथील धावपट्ट्यांवर उतरत. हीदेखील प्रवासी विमानेच होती. त्यांची जात ‘लँकास्ट्रियन’. मात्र त्यांच्यात प्रवासी नसत. बंदुका आणि दारूगोळा भरलेला असे.

आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. मुंबईचे विमान लंडनला गेले त्या दिवशी आपण स्वतंत्र भारतात नव्हतो, हे आजच्या शाळकरी मुलांना सांगितले तर खरे वाटत नाही. पहिल्या विमानाची गोष्ट देशाने कौतुकाने जपली. दुसऱ्या विमानाची गोष्ट मात्र मराठवाड्यातही फारशी कोणी सांगत नाही. माझ्या मते या दोन गोष्टी एकत्र सांगायला हव्यात, कारण त्या एकाच मुळातून आल्या आहेत आणि त्यांतून निघणारा प्रश्न आज आपल्या जिल्ह्यापुढे उभा आहे.

युद्धाच्या पोटातून

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा जगात विमाने उदंड होती, पण प्रवाशांना नेण्याजोगी विमाने फार थोडी. इंग्लंडने युद्धकाळात आपली सारी ताकद बॉम्बफेकी आणि लढाऊ विमानांवर खर्च केली. वाहतुकीची विमाने बनवण्याचे काम मुख्यतः अमेरिकेकडे राहिले. युद्ध संपताच प्रवासी वाहतुकीचा सगळा बाजार अमेरिकेच्या हातात जाईल, हे इंग्रजांच्या वेळीच ध्यानात आले. १९४२ च्या डिसेंबरात, ऐन लढाईत, त्यांनी लॉर्ड ब्रॅबॅझन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. शांतता आल्यावर कोणकोणत्या प्रकारची प्रवासी विमाने लागतील याचा विचार तिने करायचा होता. पुढे जगातले पहिले जेट प्रवासी विमान ‘कॉमेट’ याच विचारातून जन्माला आले. पण नवे विमान कागदावरून आकाशात जायला वर्षे लागतात. तोवर काय करायचे? हाताशी आहे त्यालाच कापून, शिवून चालवायचे. आपल्याकडे धाकट्यासाठी थोरल्याचा सदरा आटवतात, तसाच हा प्रकार.

लँकास्ट्रियन हा असा आटवलेला सदरा होता. त्याचे मूळ ‘लँकास्टर’ या बॉम्बफेकी विमानात, आणि त्या लँकास्टरचे मूळ एका अपयशात. ॲव्रो कंपनीचे मुख्य रचनाकार रॉय चॅडविक यांनी आधी ‘मँचेस्टर’ नावाचे दोन इंजिनांचे विमान बनवले होते. त्याची इंजिने भरवशाची नव्हती. कधी बंद पडतील याचा नेम नसे. चॅडविक यांनी विमानाचा सांगाडा फारसा न बदलता पंख लांबवले आणि दोन बेभरवशाच्या इंजिनांच्या जागी रोल्स रॉइसची चार ‘मर्लिन’ इंजिने बसवली. ९ जानेवारी १९४१ रोजी हे विमान प्रथम उडाले. पुढे अशी ७,३०० हून अधिक विमाने तयार झाली आणि जर्मनीची शहरे ज्यांनी भाजून काढली, त्यांत लँकास्टर पुढे होते.

या विमानाच्या पोटात बॉम्ब ठेवण्यासाठी सुमारे तेहतीस फूट लांबीची सलग मोकळी जागा होती. हेच त्याचे वैशिष्ट्य. १९४३ मध्ये कॅनडातील लोकांनी एका लँकास्टरचे तोफांचे मनोरे काढून टाकले, नाक आणि शेपूट पत्र्याने गोलसर मढवले, पोटात जादा पेट्रोलच्या टाक्या बसवल्या आणि अटलांटिक महासागरावरून टपाल व माणसे नेण्याची सोय केली. ते पाहून ॲव्रो कंपनीने १९४५ पासून स्वतःच अशी विमाने बनवायला घेतली. तोच लँकास्ट्रियन. त्याच वर्षीच्या मे महिन्यात इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया अशी त्याची सेवा सुरू झाली.

विमान वेगवान होते, लांबचा पल्ला गाठणारे होते. पण प्रवासी किती, तर अवघे नऊ! तेही एका भिंतीला पाठ लावून, आडवे तोंड करून बसलेले. चार इंजिने नऊ माणसांसाठी पेट्रोल जाळत. उंचीवर गेले की आतली हवा विरळ होई, कारण हवेचा दाब राखणारी बंद केबिन त्यात नव्हती. बँकेत असा प्रकल्प अहवाल माझ्यापुढे आला असता, तर उत्पन्न-खर्चाचा तक्ता पाहूनच मी तो परत पाठवला असता. सरकारी टपालाचे पैसे आणि साम्राज्याची प्रतिष्ठा या दोन टेकूंवर हे विमान उभे होते.

चॅडविक यांना हे समजत नव्हते असे नाही. ते ‘ट्यूडर’ नावाच्या नव्या, बंद केबिनच्या विमानावर काम करत होते. २३ ऑगस्ट १९४७ रोजी त्याच्या एका चाचणी उड्डाणात ते स्वतः बसले आणि विमान उडताच कोसळले. चौकशीत कारण निघाले ते असे : दुरुस्तीनंतर पंखांवरील पट्ट्यांच्या नियंत्रक तारा उलट्या जोडल्या गेल्या होत्या. विमान डावीकडे झुकवावे तर ते उजवीकडे झुकत होते. हजारो विमाने ज्यांच्या रेखाटनांवरून उडाली, त्या माणसाचा जीव दोन तारांच्या अदलाबदलीने गेला.

अमेरिकेची राजकन्या

‘मलबार प्रिन्सेस’चे घराणे वेगळे. ते विमान लॉकहीड कंपनीचे ‘कॉन्स्टेलेशन’. त्याचा जन्म प्रवाशांसाठीच झाला, पण बालपण लष्करात गेले. १९३९ मध्ये ‘टीडब्ल्यूए’ या विमान कंपनीची सूत्रे हाती असलेले धनाढ्य आणि विक्षिप्त हॉवर्ड ह्यूज यांनी लॉकहीडकडे मागणी केली, की अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर न थांबता जाणारे विमान द्या. लॉकहीडचे केली जॉन्सन आणि त्यांचे सहकारी कामाला लागले. केबिन बंद आणि दाब राखलेली, म्हणजे ढग-वादळांच्या वरून जाता यावे. शेपटीला एकाऐवजी तीन उभे पंख, आणि माशासारखे किंचित बाक असलेले सडपातळ अंग. दिसायला इतके देखणे विमान त्या काळात दुसरे नव्हते.

पण तोवर युद्ध पेटले. लष्कराने ही विमाने ताब्यात घेतली. ९ जानेवारी १९४३ रोजी, म्हणजे लँकास्टरनंतर बरोबर दोन वर्षांनी, त्याच तारखेला कॉन्स्टेलेशन प्रथम उडाले. पुढच्या वर्षी एप्रिलात ह्यूज यांनी ते पश्चिम किनाऱ्यावरून वॉशिंग्टनला सात तासांच्या आत नेले. त्याच फेरीच्या परतीच्या वाटेवर वयोवृद्ध ऑर्व्हिल राइट यांना त्यात बसवून फिरवून आणण्यात आले. त्यांचे १९०३ मधले पहिले उड्डाण १२० फुटांचे होते. या विमानाच्या पंखांचीच लांबी १२३ फूट. चाळीस वर्षांत माणूस कुठून कुठे गेला याचे याहून सोपे मोजमाप सापडणार नाही.

तरी हे विमान निर्दोष नव्हते. त्याच्या इंजिनांना आगी लागत. ११ जुलै १९४६ रोजी पेनसिल्व्हेनियात एका प्रशिक्षण उड्डाणात विजेच्या जोडणीतून आग लागली, धूर कोंडला आणि पाच जणांचा बळी गेला. लगेच सगळी कॉन्स्टेलेशन विमाने जमिनीवर उतरवण्यात आली. कंपन्यांचा तोटा रोज वाढत होता, उन्हाळ्यातला भर हंगाम चालला होता. पण दोष सापडून दुरुस्त्या होईपर्यंत प्रवाशांना घेऊन एकही विमान उडाले नाही. मग १९४७ मध्ये जादा पेट्रोल नेणारी सुधारित आवृत्ती आली आणि तीच टाटांनी निवडली.

८ मार्च १९४८ रोजी स्थापन झालेल्या एअर इंडिया इंटरनॅशनलमध्ये सरकारचे भाग ४९ टक्के होते. सरकार, टाटा आणि सामान्य भागधारक यांनी मिळून घेतलेली ही जोखीम होती. जोखीम म्हणायचे कारण, या विमानाचाही शेवट गोड झाला नाही. ३ नोव्हेंबर १९५० रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ आल्प्स पर्वतात माँ ब्लाँ शिखरावर आदळले आणि ४८ जण मरण पावले. प्रवाशांत बोटीवर कामाला निघालेले भारतीय खलाशी होते. विमानप्रवास म्हणजे फक्त राजे-महाराजांची चैन असे त्या काळाचे चित्र आपल्या मनात असते. या खलाशांची आठवण ठेवली म्हणजे ते चित्र थोडे दुरुस्त होते.

कराची ते बीदर

आता दुसऱ्या विमानाकडे वळू. हैदराबाद संस्थानाने भारतात विलीन व्हायला नकार दिला होता. १९४७ च्या नोव्हेंबरात ‘जैसे थे’ करार झाला, पण राज्यात लातूरचा वकील कासिम रझवी याच्या रझाकारांचा धुमाकूळ वाढतच गेला. मराठवाड्यातील ज्या घरांत नव्वदीच्या पुढची माणसे आहेत, तिथे आजही काळ मोजताना ‘रझाकारीच्या आधी’ आणि ‘रझाकारीनंतर’ असे शब्द येतात. ज्या अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ यांनी शाळा चालवली, त्या परिसरातली अनेक कुटुंबे दागदागिने जमिनीत पुरून सरहद्दीपलीकडे गेली होती.

भारताने संस्थानाकडे जाणाऱ्या मालाची नाकेबंदी केली. निजामाच्या राज्याला समुद्र नव्हता, चहूबाजूंनी भारत. राहिली ती आकाशाची वाट. या वाटेचा ठेका घेतला सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने. मनुष्य हुशार आणि धाडसी. महायुद्धाच्या आधी याच कॉटनने एका छोट्या लॉकहीड प्रवासी विमानात छुपे कॅमेरे बसवून, व्यापारी असल्याच्या बहाण्याने जर्मनीची हवाई छायाचित्रे काढली होती. प्रवासी विमानाचा भलताच उपयोग कसा करायचा, हे त्याला चांगले ठाऊक होते.

कॉटनने लँकास्ट्रियन विमाने मिळवली. ज्या विमानाला नऊ प्रवाशांत परवडत नव्हते, ते या कामाला अगदी चपखल होते. लांब पल्ला, भरपूर वजन उचलण्याची ताकद आणि मुळातच बॉम्ब वाहण्यासाठी घडवलेले पोट. रात्री उडणाऱ्या या विमानांना अडवण्याची साधने भारतीय हवाई दलाकडे त्या वेळी नव्हती. धातूचे तेच पिंप, त्यात आधी बॉम्ब होते, मग प्रवासी आले, आता बंदुका.

या शस्त्रांनी निजामाचे राज्य वाचले का? नाही. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या आणि १७ सप्टेंबरला सारे संपले. पाच दिवस. पण त्या जून महिन्यात वेगळे काही होऊ शकले असते. लॉर्ड माउंटबॅटन भारत सोडण्यापूर्वी तडजोडीचा एक मसुदा पुढे आला होता. संस्थानाला त्यात बऱ्याच सवलती होत्या. निजामाच्या सरकारने तो नाकारला. आकाशातून शस्त्रे येत आहेत या दिलाशाने त्या हट्टाला खतपाणी घातले, असे मानायला जागा आहे. पुढच्या तीन महिन्यांत जी गावे लुटली गेली, जी माणसे मेली, त्यांचा हिशेब त्या विमानांच्या खात्यावरही टाकावा लागेल. आणि पोलीस ॲक्शननंतर सूडाच्या लाटेत ज्या निरपराध मुसलमान कुटुंबांचा बळी गेला, ज्याची नोंद पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली, तोही हिशेब वेगळा काढता येणार नाही. एकदा गावात बंदूक आली, की ती पुढे कोणाच्या हातात जाईल हे आणणाऱ्याला ठरवता येत नाही.

कॉटनवर इंग्लंडमध्ये खटला झाला. दंड झाला दोनशे पौंड.

एक खाते, एकाहत्तर वर्षे

मी आयुष्यभर बँकेत काम केले, म्हणून या कथेचा शेवट मला विशेष वाटतो. पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत, १९४८ च्या सप्टेंबरात, लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेत निजामाच्या सरकारच्या नावे असलेले १०,०७,९४० पौंड आणि ९ शिलिंग पाकिस्तानचे लंडनमधील उच्चायुक्त रहिमतुल्ला यांच्या खात्यात वळते झाले. त्या वेळच्या दराने हे सुमारे एक कोटी चौतीस लाख रुपये. काही दिवसांतच निजामाने, ‘माझ्या परवानगीशिवाय हे झाले, पैसे परत करा,’ असे बँकेला कळवले. ज्याच्या खात्यात पैसे आहेत त्याच्या संमतीशिवाय बँक देईना. वाद १९५७ मध्ये इंग्लंडच्या सर्वोच्च पातळीवर, हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि परक्या सरकारवर दावा चालत नाही या मुद्द्यावर अडला. खाते गोठले.

पुढे २०१३ मध्ये पाकिस्ताननेच पुन्हा न्यायालयाचे दार ठोठावले. या वेळी त्या देशाचा एक युक्तिवाद असा होता, की हा पैसा हैदराबादला पोहोचवलेल्या शस्त्रांशी संबंधित होता. ज्या विमानांबद्दल सत्तर वर्षे अधिकृतपणे मौन होते, ती अशी पैशाच्या वादात पुन्हा कागदावर आली. लंडनच्या उच्च न्यायालयाने हा हक्क मान्य केला नाही. २ ऑक्टोबर २०१९ रोजी निकाल लागला. रक्कम भारत आणि निजामाचे वारस यांची ठरली. तोवर ती साडेतीन कोटी पौंडांच्या घरात गेली होती. वाचकांतील हिशेबी मंडळींनी करून पाहावे : एकाहत्तर वर्षांत पस्तीस पट म्हणजे वर्षाला सुमारे पाच टक्के चक्रवाढ. साधी मुदत ठेवच म्हणा ना!

इथे मला उमरीची आठवण होते. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातील उमरी येथे स्वातंत्र्यसैनिकांनी हैदराबाद स्टेट बँकेची शाखा लुटली. कायद्याने तो दरोडाच. पण लुटीइतकीच तिच्या हिशेबाचीही कथा मराठवाड्यात सांगितली जाते. पैसा लढ्याच्या कामी लागला आणि त्याचा जमाखर्च चोख ठेवला गेला. एका बाजूला सरकारी तिजोरी, परदेशी विमाने, लंडनचे खाते आणि हिशेब असा की तो लागायला एकाहत्तर वर्षे लागली. दुसऱ्या बाजूला सरहद्दीवरच्या कॅम्पातली माणसे आणि वहीत रुपयारुपयाची नोंद.

विनियोग

बँकेच्या कामात एक शब्द आहे, ‘कर्जाचा विनियोग’. म्हैस घ्यायला कर्ज दिले तर अधिकाऱ्याने गोठ्यात जाऊन म्हैस पाहायची. विहिरीला दिले तर विहिरीत डोकावायचे. मंजुरीच्या कागदापेक्षा या फेरीला मी नेहमी जास्त महत्त्व दिले. एकाच कर्जातून आलेला ट्रॅक्टर एका घरात पोरीचे शिक्षण काढतो आणि दुसऱ्या घरात रात्री नदीपात्रातून वाळू उपसतो. यंत्र तेच, हप्ता तोच. कर्जाच्या अर्जात हा फरक दिसत नाही; रात्री जाऊन पाहिले तरच दिसतो.

विमानांचेही असेच आहे, आणि त्याला तिसऱ्या विमानाची साक्ष काढता येते. युद्धातली उरलेली डकोटा विमाने आपल्याकडे स्वस्तात विकली गेली. बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात त्यांतल्या अनेकांची डागडुजी होऊन ती प्रवासी विमाने झाली. १९४९ मध्ये ‘रात्रीची हवाई डाक’ सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून चार विमाने संध्याकाळनंतर निघत, मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. नोकरीचे हुकूम, लग्नाच्या पत्रिका, आजारपणाच्या बातम्या असे सारे त्या थैल्यांत असे. १९४८ मध्ये दख्खनच्या रात्री विमानातून काडतुसे उतरत होती, १९४९ मध्ये नागपूरच्या रात्री पत्रे. विमाने दोन्हीकडची महायुद्धाच्याच कारखान्यांतली.

हे सगळे आज सांगण्याचे कारण आहे. यंत्र गावात येणे म्हणजेच प्रगती, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. रस्ता आला, टॉवर आला, ड्रोन आला की आपण नारळ फोडतो आणि पुढे त्याचे काय होते ते पाहत नाही. बचत गटाच्या बायकांना पिकांवर फवारणीसाठी ड्रोन देण्याची सरकारी योजना २०२३ मध्ये आली, चांगली योजना. पण २०२४ च्या पावसाळ्यात आपल्याच भागात, बीड-जालन्याच्या खेड्यांत, रात्री डोक्यावर ड्रोन घिरट्या घालतात म्हणून लोक काठ्या घेऊन जागत होते. रात्रीच्या आकाशाची ती धास्ती पाहून जुन्या माणसांना काय आठवले असेल!

बंदुकीचेही तेच. बीड जिल्ह्यातील शस्त्र परवान्यांची संख्या हा विषय २०२४ च्या अखेरीस राज्यभर चर्चेत आला आणि पुढे प्रशासनाला अनेक परवाने रद्द करावे लागले. परवाना देताना प्रत्येक अर्जावर ‘स्वसंरक्षणासाठी’ असेच लिहिलेले असणार. ज्या जिल्ह्याने रझाकारी भोगली, त्या जिल्ह्यातल्या पोरांना कमरेला पिस्तूल लावून फोटो काढण्यात मोठेपणा वाटावा, हे मला फार बोचते. तेव्हाच्या बंदुका परक्याने विमानातून आणल्या होत्या. आजच्या आपण आपल्या सहीशिक्क्याने आणल्या. विनियोग पाहायला कोणी गेले नाही.

म्हणून कॉन्स्टेलेशनचा १९४६ चा उन्हाळा मला मोलाचा वाटतो. दोष दिसला, विमाने खाली उतरवली, तोटा सोसला, दुरुस्ती केली, मगच पुन्हा उडवली. परवाना देणाऱ्या, कर्ज देणाऱ्या, ठेका देणाऱ्या प्रत्येक कचेरीला एवढे करता आले पाहिजे. एखादी गोष्ट सुरू करणे सोपे आणि तिचे उद्घाटनही सोपे. ती चुकीच्या कामाला लागली आहे हे कबूल करून थांबवणे अवघड, आणि नेमके तेच आपल्याकडे होत नाही.

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनाच्या दिवशी, बीड शहरात पहिल्यांदा प्रवासी रेल्वे आली. अहिल्यानगर ते परळी या २६१ किलोमीटर मार्गाची मागणी करता करता आपल्या दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. त्या दिवशी स्टेशनवर लोटलेल्या गर्दीचा आनंद अस्सल होता आणि मलाही तो झाला. आता विमानतळ हवा अशीही मागणी अधूनमधून ऐकू येते. तीही रास्त असेल. पण दरवर्षी दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन हजारो कुटुंबे कोयता बांधून जिल्ह्याबाहेर जातात, पोरांची शाळा अर्ध्यावर सोडून. आजवर ती ट्रक-ट्रॅक्टरमधून गेली. आणखी दहा वर्षांनी कोणीतरी बीडच्या फलाटावर उभे राहून मोजावे, की या गाडीने कोयते किती नेले आणि कॉलेजात जाणारी मुले किती, बाहेरून माल किती आला आणि इथला माल किती गेला. ती मोजदाद करणारा माणूस आजच नेमून ठेवायला हवा.